चौदाव्या आठवड्यापुढं

सहा आठवड्यांत माणूस कमांडो होतो, असं पुण्याच्या कुणा इंजिनियरानं लिहून पाठवलं होतं. नुसता कमांडोही नाही. पोहणारा, सुरुंग पेरणारा, चार भाषा बोलणारा आणि अंधारात आवाजावर गोळी मारणारा. संघमित्रानं ते वाचून दाखवलं तेव्हा तातेराव जेवायला बसला होता. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला आणि लेकीकडं रागानं बघितलं. जणू तिनंच त्या इंजिनियराला बिघडवलं होतं.

“सहा आठवड्यांत रंगरूटाला चादरीची घडी घालता येत न्हाई,” तो म्हणाला. “कोण हाय हा शहाणा?”

संघमित्रा म्हणाली, तो खेळातला एक गडी आहे. मग खेळ कसला ते सांगायची पाळी आली, आणि तिथून तातेरावच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो पुढं अडीच महिने उतरला नाही.

साल दोन हजार चार. संघमित्रा वीस वर्षांची. सकाळी कॉलेजात बी.एस्सी. करायची आणि दुपारी जालन्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. क्लास सुटला की तासभर तिथल्याच मशीनवर बसून, इंटरनेटवरून, ती आणि आणखी चार जण मिळून एक गोष्ट लिहायचे. कुणी कुणाला बघितलेलं नाही. एक हा पुण्याचा, एक नांदेडची कॉलेजातली पोरगी, एक पिंपळगाव रेणुकाईचे कडूबा मास्तर, तेच खेळाचे मुख्य, आणि एक कुंभार पिंपळगावचा वसंता, म्हणजे तातेरावच्या स्वतःच्या गावचा. प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. एकानं लिहिलं की दुसऱ्यानं तिथून पुढं न्यायचं. जागा म्हणजे बर्फातली एक चौकी, नाव काळदरा. असल्या नावाची चौकी जगाच्या पाठीवर कुठंही नाही, ती यांनीच बसून केलेली. तातेरावनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे सोंगं की. जत्रेत काढतात तशी, फक्त तोंडाला रंग न लावता. संघमित्रा हो म्हणाली, कारण तिला वाद वाढवायचा नव्हता.

पण कडूबा मास्तरांचा एक नियम होता आणि घोडं तिथंच अडलं होतं. चौकीवर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकानं आपल्या माणसाची पूर्वकथा लेखी द्यायची. तो कुठला, लष्करात कसा गेला, ट्रेनिंग कुठं अन् कसं झालं. बाकीचे चौघं ती वाचणार, खोड काढणार, आणि सगळ्यांची हरकत मिटली की मगच माणूस चौकीवर. संघमित्रानं घेतला होता हवालदार रखमाजी. नांदेडच्या पोरीनं डॉक्टरीण घेतली होती. आपल्या लेकीलाच मिशीवाला हवालदार कशाला लागतो, असं तिच्या आईचं, बेबीनंदाचं, म्हणणं होतं. संघमित्राचं उत्तर तयार होतं. बाकीच्यांना सगळं हवेतून आणावं लागतं, माझ्या घरात तर जिताजागता फौजी बसला आहे. तिनं दोनशे पानी वही काढली, वर ‘पूर्वकथा’ लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, ‘माझ्या वडिलांच्या अनुभवावरून’.

गॅसपाशी उभ्या बेबीनंदानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण ती लपवायचा उद्योग त्या घरात वीस-बावीस वर्षं चालला होता आणि असल्या उद्योगाचा ऐकणाऱ्यालाही वीट येतो. तातेराव फौजी नव्हता. एक्याऐंशी साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो भरती झाला हे खरं. मध्यप्रदेशातल्या सेंटरवर गेला हेही खरं. पण लहानपणी त्याचा डावा कान वाहायचा. भरतीच्या तपासणीला तो नेमका कोरडा होता, आणि फायरिंग सुरू झाल्यावर परत वाहायला लागला. पठ्ठ्यानं नऊ दिवस कानात कापूस कोंबून लपवलं. दहाव्या दिवशी ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादानं बिछाना तपासताना उशीवरचा डाग बघितला. मेडिकल बोर्ड बसलं, बोर्डानं अनफिट लिहिलं, आणि चौदाव्या आठवड्यात तातेराव लोखंडी ट्रंक घेऊन घरी आला. तोही नेमका बाजाराच्या दिवशी, सगळ्या कुंभार पिंपळगावच्या डोळ्यांसमोर.

पहिलं खोटं त्याची आई बोलली. सगुणाबाईनं विचारणाऱ्याला सांगितलं, पोरगा सुट्टीवर आलाय. सुट्टी संपेना तेव्हा लोकांनी कानातला कापूस बघितला आणि आपापसात ठरवून टाकलं की तोफेजवळ उभा होता, कान गेला. तातेराव काही बोलला नाही. मग कुणी त्याला सरहद्दीवर नेला, कुणी बर्फात झोपवला. दरवर्षी कुणीतरी त्याच्या नोकरीत एखादं वर्ष घालायचं, अशी करता करता त्याची सात वर्षं सेवा भरली. भरती एक्याऐंशीची, लग्न त्र्याऐंशीचं, सात वर्षं बसवायची कुठं, हे गावात एकानंही बोटावर मोजून बघितलं नाही. गाव करील ते राव काय करील! लग्न झालं तेही फौजी म्हणूनच. बेबीनंदाच्या चुलत्याकडं खरंखुरं डिस्चार्ज बुक होतं, तिनं पहिल्याच महिन्यात नवऱ्याचं मागितलं. नवऱ्यानं सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, गावाला सांगून टाका. तो म्हणाला, सांगतो. तेव्हापासून घरात काही बिनसलं, मीठ संपलं, छत गळलं, तो ऐकू न आल्यासारखं करून बसला, की ती त्याला ‘फौजी’ म्हणून हाक मारायची. बाहेर तो मान होता, घरात ती शिवी होती.

तातेरावचं एक मात्र होतं. कागदावर तो कधी खोटं बोलला नाही. रेशनकार्डावर मजूर लिहिलं. पुढं जालन्याला येऊन एमआयडीसीतल्या सळयांच्या मिलमध्ये आठ वर्षं भट्टीपुढं काढली, आणि नंतर बियाण्याच्या कारखान्यात गेटवर वॉचमन म्हणून लागताना अर्जात तेवढंच लिहिलं. मॅनेजर म्हणाला, तुम्ही तर फौजी ना? तातेराव हसला आणि सही केली. बोलणं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, एवढं त्यानं मनाशी बांधलं होतं आणि त्याच्या आधारावर तो रात्री झोपत होता.

आणि आता लेक वही उघडून समोर बसली होती.

सरळ नाही म्हणायचं, तर ते त्याच्यानं होईना. तिनं सातवीत असताना सव्वीस जानेवारीला भाषण केलं होतं, ‘माझे वडील, एक सैनिक’. पहिला नंबर आला होता. तेव्हापासून पोरीची मान जी ताठ झाली ती ताठच होती. ती मान आपल्या एका वाक्यानं खाली जाईल, या एकाच भीतीनं तातेराव गप्प होता. गावाचं काय, गाव हसून विसरलं असतं.

तर तो सांगायला लागला. म्हटलं तर सोपं होतं, चौदा आठवडे तर खरे होते. पहिला आठवडा लिहून झाला: केस कापले, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर घातला, चहाचा मग आणि थाळी हातात घेऊन पळतच लंगरात जायचं, पळतच यायचं, चाललास की रगडा. रगडा म्हणजे काय ते संघमित्राला कळेना. मग तातेरावनं दहा बाय दहाच्या खोलीत बेडूकउड्या मारून दाखवल्या, तिसऱ्या उडीला कपाटाला धडकला आणि वरचा पोह्यांचा डबा खाली आला. बेबीनंदा म्हणाली, फौजी, हे गोळा कोण करणार?

दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. पोरगी लिहायची, क्लासात जाऊन मशीनवर टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी हरकतींचा भारा घेऊन यायची. एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो हे बघूनच तातेरावचं पित्त खवळायचं. वरून त्या हरकती! पुण्याचा म्हणायचा, चादरीच्या घडीवर दोन पानं कशाला, कंटाळा येतो. तातेराव म्हणायचा, त्याला म्हणावं उस्तादाला सांग, उस्ताद मला कंटाळा येऊन राह्यला. नांदेडच्या पोरीचं म्हणणं, रखमाजीचं उस्तादाच्या मुलीशी जुळवावं. तातेराव तांबडालाल झाला. उस्तादाची पोरगी? उस्तादाच्या बुटाचा आवाज आला तरी आमची पोटं धरायची, आणि ही पोरगी आणून राह्यली! कडूबा मास्तर भला माणूस, पण त्याला जिथंतिथं एक भावनिक प्रसंग पाहिजे असायचा. रंगरूट चांदण्यात आईला आठवून रडतो, असं काहीतरी घाला म्हणाला. तातेरावनं निरोप दिला की रंगरूट पाठ टेकायच्या आधी झोपतो, रडायला सवड सुट्टीच्या दिवशी, तीही कपडे धुऊन झाल्यावर.

चिडचिड तर चिडचिड, पण त्याला सोडवेनाही. गेटवर उभ्या उभ्या त्याला जुनं आठवायचं, आणि घरी आल्यावर तो चपला काढायच्या आधी सांगायला लागायचा. अरे, सहाव्या आठवड्यात रायफल खोलायची राहिली. अरे, पावसात बूट वाळवायची युक्ती राहिली. संघमित्रा हसायची आणि लिहायची. बापलेक इतके कधी बोललेच नव्हते. बेबीनंदा भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि बोटांवर आठवडे मोजायची.

अकरा झाले. बारा झाले. तेरावा फायरिंगचा. चौदाव्यापाशी तातेरावची गाडी थांबली.

त्यानं सबबी काढल्या. आज डबल ड्यूटी आहे. आज डोकं धरलंय. रब्बीच्या बियाण्याच्या गाड्या लागल्यात, बिलकुल टाइम न्हाई. एकदा तो म्हणाला, पुढचं सगळं तसंच असतं, मागचीच पानं परत उतर. संघमित्रानं वही मिटली आणि पहिल्यांदाच बापावर चिडली. चौतीस आठवड्यांचं ट्रेनिंग असतं असं तुम्हीच सांगितलं, उरलेले एकवीस आठवडे गेले कुठं? पुण्याचा कमांडो चौकीवर पोचून चहा पिऊन राह्यला, नांदेडची डॉक्टरीण पोचली, वसंताचा सुद्धा पोचला. एकटा रखमाजी अडीच महिने झाले तरी अजून फायरिंग रेंजवरच आडवा पडलाय.

त्या दिवशी ती क्लासात गेली आणि बेबीनंदानं तोंड उघडलं. आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, ती म्हणाली, सांगून टाका, एकवीस वर्षं मी हेच सांगून राह्यले. तातेराव म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, तुमच्या मुठीत काय हाय ते मला ठाऊक, पोरीला कळू द्या की.

मूठ शेवटी वसंतानं उघडली, आणि तीही प्रेमानं. वसंताचा थोरला भाऊ अप्पाराव फौजेत होता. अप्पाराव म्हणजे तातेरावनंच तयार केलेला. गावात असताना तातेराव भरतीला जाणाऱ्या पोरांना पहाटे पळवायचा. अकरा जण लागले, त्यातला हा एक. वसंतानं भावाचा कसम परेडचा फोटो मशीनवर टाकला आणि खाली लिहिलं, माझ्या भावाला घडवणारे फौजी काका आमच्याच गावचे, रखमाजी त्यांच्यावरूनच आहे, आता त्यांचाही कसमेचा फोटो बघू द्या. कडूबा मास्तरांना कल्पना फार आवडली. फोटो आला की रखमाजी हवालदार म्हणून पास, बाकी आठवडे माफ.

संघमित्रा पळतच घरी आली. तिला वाटलं, सुटलो. तातेराव पलंगावर बसून युनिफॉर्मच्या सदऱ्याचं बटण लावत होता, म्हणजे सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. ती डाव्या बाजूनं बोलली ते त्याला ऐकू गेलं नाही. ती उजवीकडं आली आणि परत म्हणाली, पप्पा, तुमचा कसम परेडचा फोटो कुठंय? ट्रेनिंग संपल्यावर, झेंड्यासमोर शपथ घेतात तो.

ट्रंक म्हणावी, वाळवी म्हणावी, स्थलांतरात हरवला म्हणावं, सगळं जिभेवर आलं होतं. वाळवीचं तर अगदी तयारच होतं. पण सहा आठवड्यांत कमांडो होणाऱ्या त्या माणसाला त्यानं अडीच महिने शिव्या दिल्या होत्या, आणि आता वाळवी म्हणायची त्याची त्यालाच लाज वाटली.

“फोटो न्हाई,” तो म्हणाला. “कसम खाल्लीच न्हाई मी. चौदाव्या आठवड्यात घरी पाठवलं मला. कानामुळं.”

संघमित्राला आधी कळलंच नाही. मग तिनं आईकडं बघितलं, आणि आईच्या तोंडावरून तिला कळलं.

“मंग गावाला कुणी सांगितलं तोफेचं?”

“कुणीच न्हाई. मी गप बसलो, एवढंच.”

मग म्हणाली, “सातवीत मी भाषण केलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.” आणि वही उचलून आत गेली.

चार दिवस ती बापाशी बोलली नाही. डबा भरून ठेवायची, पाणी ठेवायची, पण बोलायचं ते आईकडं तोंड करून. तातेरावला तिचा राग येत नव्हता, राग येत होता तो स्वतःचा. आणि स्वतःचा राग असला की माणूस जगावर काढतो, तसा तो गेटवर टेम्पोवाल्यांवर काढत होता. एका ड्रायव्हरला त्यानं चालान सरळ घडी घातलं नाही म्हणून अर्धा तास उभं केलं. घरात बेबीनंदाला वाटलं होतं, सगळं बाहेर पडल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. दोघांच्या मधे निरोप पोचवून पोचवून तिच्या नाकी नऊ आले, आणि तिसऱ्या दिवशी तिनं दोघांनाही सांगून टाकलं की मी पोस्टमन न्हाई. त्या संध्याकाळी मायलेकी मात्र अंगणात तासभर बसून काहीतरी बोलत होत्या, आणि तातेरावला त्याच्या चांगल्या कानानंही ते ऐकू आलं नाही.

रविवारी त्याची सुट्टी होती. संघमित्रानं त्याच्यासमोर वही ठेवली. चौदावा आठवडा लिहिलेला होता. कान, कापूस, नऊ दिवस, उशीवरचा डाग, बोर्ड, ट्रंक, बाजाराचा दिवस. सगळं आईकडून काढून घेतलेलं. पहिल्या पानावर ‘माझ्या वडिलांच्या अनुभवावरून’ हे तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. ती म्हणाली, उद्या हे मशीनवर टाकणार. वसंता वाचणार, म्हणजे गाव वाचणार. तुम्ही नको म्हणालात तर पान फाडते आणि खेळ सोडते, पण फोटो हरवल्याची थाप मी लिहिणार न्हाई.

तातेरावनं चष्मा लावला. वाचायला लागला. पान संपेपर्यंत त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या, आणि बेबीनंदाला वाटलं, आता हा फाडणार.

“चूक हाय,” तो म्हणाला.

काय चूक? ट्रंक हिरवी लिहिलीय, ट्रंक काळी होती. आणि हे काय, उस्तादानं खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, वाईट वाटतंय? उस्ताद असं बोलतो का कधी! उस्तादानं मला जायच्या दिवशी सकाळी बिछाना परत घालायला लावला. घडी वाकडी झाली म्हणून दोनदा. मग ट्रंकेला दोरी त्यानं स्वतः बांधली आणि गाठ तपासून दिली. एक अक्षर बोलला न्हाई. ते लिही. आणि रंगरूटाचा नंबर कुठंय? नंबराशिवाय रंगरूट असतो का?

संघमित्रा म्हणाली, नंबर मला काय माहीत.

तातेराव पलंगावरून उठला. का उठला ते त्यालाही ठाऊक नसावं. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, आणि बावीस-तेवीस वर्षांत कुणी न विचारलेला तो नंबर त्यानं एका दमात सांगितला, मोठ्यानं, एकेक आकडा सुटा करून. शेवटी आपलं नाव. मग तो तसाच दोन क्षण उभा राहिला आणि खाली बसला. पेन घेतलं, वहीत जिथं जिथं ‘रखमाजी’ होतं तिथं काट मारून ‘तातेराव’ लिहिलं. हवालदार हा शब्दही काटला. तिथं रंगरूट लिहिलं.

“टाक मशीनवर,” तो म्हणाला.

बेबीनंदा परातीपुढं पिठाचे हात घेऊन बसली होती. तिनं पदरानं डोळे टिपले, आणि पीठ डोळ्यात गेलं म्हणून वर पिठावरच चिडली.

आता यापुढं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याला कुंभार पिंपळगाव माहीत नाही. वसंता तीन दिवस गप्प बसला. त्या दिवसांत गावाकडून कुणी आलं की तातेराव गेटच्या खोलीत शिरायचा. चौथ्या दिवशी वसंताचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की पान त्यानं गावात सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि सगळ्यांचं एकमत झालं: काकांना असंच सांगायचा वरून हुकूम असणार. ज्यांनी गुप्त कामं केली त्यांना कधीच कबूल करता येत नाही. एकजण तर म्हणाला, चौदा आठवडे हा आकडाच खुणेचा आहे.

तातेरावनं डोकं धरलं. पुढच्या बाजाराला तो मुद्दाम गावी गेला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, मी फौजी न्हाई, कान लहानपणापासून वाहतो. लोक ऐकायचे, एकमेकांकडं बघायचे, आणि मान हलवून म्हणायचे, बराबर हाय काका, आम्ही कुठं काय म्हणतो. एका म्हाताऱ्यानं तर त्याला बाजूला घेऊन शाबासकी दिली की जबान पक्की ठेवलीस. संध्याकाळच्या एसटीनं तातेराव घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. बेबीनंदा हसून हसून भिंतीला टेकली.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “हातपाय धुवा, जेवायला वाढते.”

तातेराव मोरीकडं निघाला आणि मधेच थांबला. एवढा उशीर करून, खर्च करून, घसा फोडून आल्यावरही ती फौजी म्हणाली नव्हती. तो तोंडावर पाणी मारत जरा जास्तच वेळ मोरीत उभा राहिला.

चौकीचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता. कडूबा मास्तर नियमाला पक्के. कसम न घेतलेला माणूस काळदऱ्याला येणार नाही. पुण्याचा म्हणाला, मग काढून टाका. संघमित्रा दोन दिवस भांडली, आणि शेवटी असं ठरलं की चौकीच्या पायथ्याला एक फाटक आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकानं आधी तिथं थांबायचं, तिथला माणूस, म्हणजे रंगरूट तातेराव, त्याला पारखणार, आणि त्यानं फाटक उघडलं तरच वर. आधी वर गेलेल्यांनीही परत खाली यायचं. पहिला नंबर अर्थात कमांडोचा.

तिनं वही उघडली, नवं पान काढलं आणि बापाच्या उजव्या बाजूला येऊन बसली. कमांडो फाटकाशी उभा आहे, ती म्हणाली, म्हणतो चहा अर्धा टाकून आलोय, जल्दी करा. आता काय लिहू, पप्पा?

तातेरावनं ताट बाजूला सारलं आणि हात पुसले.

“लिही,” तो म्हणाला. “त्याला म्हणावं, चादर आण.”